घोट्याची साक्ष

मुकुंदराव हुल्याळकर आयुष्यात एकच खोटं बोलले होते. पण ते रोज बोलत.

“शालन, जरा फिरून येतो गं,” हे ते खोटं. रोज उजाडताना पांढरे बूट चढवून, कानटोपी घालून, दारात उभं राहून ते हे खोटं बोलत आणि मिरजेतल्या आपल्या सोसायटीच्या फाटकातून खऱ्या चालणाऱ्याच्या ऐटीत बाहेर पडत. फाटकापासून कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंत ते खरोखर चालत. डेअरीच्या पलीकडे रिक्षा उभी असे.

रिक्षा त्यांना किल्ल्याच्या बाजूला, भास्करच्या घरी नेई. भास्कर म्हणजे शालनताईंचा सख्खा थोरला भाऊ आणि मुकुंदरावांचा शाळेपासूनचा दोस्त. चित्रकलेचा मास्तर होता, लग्न केलं नव्हतं, आणि घरात खुर्ची ठेवली नव्हती. खुर्ची न ठेवणं हा त्यांच्या वडिलांचा नियम. माणूस खुर्चीत बसला की हुकूम सोडायला लागतो, असं वडील म्हणत. आणि हे ते पाटावर बसून हुकमी आवाजात सांगत. वडील गेले, नियम राहिला. त्यामुळे मुकुंदराव तिथं चटईवर मांडी घालत आणि भास्करला पेपर वाचून दाखवत. पहिल्या पानावरच्या मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या हरवलेल्या कुत्र्यापर्यंत सगळा. कारण भास्करचे डोळे काचबिंदूनं जवळजवळ गेले होते. सावली हलली तर तेवढी कळायची. प्रत्येक बातमीवर दोघे भांडत, मग मुकुंदराव रिक्षानं परत येत, डेअरीच्या नळावर कपाळ ओलं करत आणि धापा टाकत घरात शिरत.

“दमलात ना? बसा, चहा टाकते,” असं शालनताई कौतुकानं म्हणत. तेव्हा मुकुंदरावांना स्वतःची लाज वाटे, पण चहा चांगला असे.

पावलं मोजणारी घड्याळं, अंगठ्या, झालंच तर पावलं मोजणारे पायजमे घरोघरी आले होते. मुकुंदराव यातलं काही अंगाला लावत नसत आणि फोन घरीच ठेवत. निसर्गाच्या सान्निध्यात यंत्र नको, असं त्यांचं तत्त्व होतं. हे तत्त्व त्यांना नऊ वर्षांपूर्वी अचानक सुचलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी शालनताईंची आई गेली. दहाव्या दिवशी सगळे कृष्णेच्या घाटावर जमले. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पंधरावीस कावळे बसले होते आणि सभेला आल्यासारखे नुसते बघत होते. भास्कर पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “आई, शालनकडे मी लक्ष ठेवीन.” कावळे ढिम्म. “घर नीट ठेवीन.” ढिम्म. “देवाचं करीन,” असंही तो शेवटी म्हणाला, जे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. एका कावळ्यानं फक्त मान वळवली. उन्हं चढली, गुरुजी घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात मागून शालनताई म्हणाल्या, “आई, दादाकडे मी बघेन. तू काळजी करू नको.” आणि कावळा दगड टाकल्यासारखा खाली आला.

झालं ते एवढंच. पण भास्करला ते लागलं. त्याचं म्हणणं असं, की कावळा आपल्याच वाक्याला निघाला होता, अंतरामुळे वेळ लागला. शालननं मध्ये तोंड घातलं आणि श्रेय घेतलं. शिवाय मी काय कुक्कुलं बाळ आहे का, माझ्याकडे ही बघणार? शालनताई म्हणाल्या, आईला कोणाची काळजी होती ते सगळ्या घाटानं पाहिलं. शब्दाला शब्द लागला. ओल्या धोतरात, ओल्या लुगड्यात, गुरुजींसमोर. “पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नको,” भास्कर म्हणाला. “नाही टाकणार,” शालनताई म्हणाल्या. भावाबहिणीत शब्द पाळण्याची चढाओढ लहानपणापासूनची. दोघांनीही हा शब्द पाळला.

मुकुंदरावांनी मात्र कोणालाच काही शब्द दिला नव्हता. ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “शालन, जरा फिरून येतो गं.”

आणि आता त्यांचा डावा घोटा दुखायला लागला होता.

बाहेरच्या अंगाला, हाडावर. आधी ठणका, मग लिंबाएवढी सूज. डॉक्टर आवटींनी दाबून पाहिलं, मुकुंदराव ओरडले, आणि डॉक्टरांनी पायाचा एमआरआय काढायला सांगितला.

“आणि पदस्मृतीही काढून घ्या,” शालनताई म्हणाल्या. “ज्येष्ठ नागरिक संघाचा ‘सुवर्णपावले’ सत्कार आहे. त्याला लागते. ह्यांच्याइतकं नेमानं चालणारं सोसायटीत कोण आहे?”

मुकुंदरावांचा घोटा त्या क्षणी दुखायचा थांबला. त्यांनी तसं सांगूनही पाहिलं. कोणी लक्ष दिलं नाही.

पदस्मृती म्हणजे काय, हे तोवर शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. आपण हाडाला दगड समजतो. पण हाडाच्या आत एक बांधकाम खातं असतं आणि ते सरकारी नसल्यामुळे त्याचं काम रात्रंदिवस चालू असतं. जिथं भार पडेल तिथं आतून बारीक टेकू उभे राहतात, जिथं भार नाही तिथले टेकू मोडून माल दुसरीकडे नेला जातो. म्हणजे तुम्ही कसे चालता, कसे उभे राहता, कुठल्या पायावर रेलता, यानुसार पायाच्या हाडातली जाळी वर्षानुवर्षं विणली आणि उसवली जाते. जुन्या एमआरआयला ती जाळी नुसती धुरकट दिसायची. नव्या यंत्रांना एकेक धागा दिसू लागला, आणि लाखो लोकांचे पाय बघून शहाणा झालेला संगणक त्या धाग्यांवरून गेल्या दहाएक वर्षांची हकिगत सांगू लागला. हा माणूस रोज चालतो. ही बाई ओट्याशी डाव्या पायावर उभी राहते. हा जिने चढत नाही.

याचे परिणाम व्हायचे ते झाले. मुलगी बघायला आलेले लोक पत्रिकेबरोबर पदस्मृती मागू लागले. एका तालुक्याचे आमदार जनतेसाठी गावोगाव पायी हिंडल्याचं सांगत. विरोधकांनी त्यांना पदस्मृतीचं आव्हान दिलं, आणि साहेबांच्या टाचा तान्ह्या बाळासारख्या निघाल्या. त्यानंतर मात्र कायदा फार तातडीनं आला : रुग्णाच्या संमतीशिवाय पदस्मृती वाचायची नाही.

मुकुंदराव निवृत्त पीडब्ल्यूडीवाले. भार कुठून कुठं उतरतो हे त्यांना कळत होतं. चटईवर रोज घातलेल्या मांडीचा भार कुठल्या हाडावर उतरतो, हेही कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, एमआरआयच होऊ द्यायचा नाही.

*

केंद्रातली तंत्रज्ञ निलोफर मुजावर ही हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. तिनं दोघांना समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

“काका, छातीत पेसमेकर आहे?”

“आहे,” मुकुंदराव म्हणाले.

“अहो!” शालनताई.

“कधी बसवला?”

“बसवायचा विचार होता.”

“कानाच्या आत बसवलेलं मशीन?”

“ऐकू कमी येतं.”

“मशीन आहे का?”

“काय?”

“चांगलं ऐकू येतं त्यांना,” शालनताई म्हणाल्या. “शेजारच्या घरात काय चाललंय तेसुद्धा.”

“डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता? वेल्डिंग, लेथ असलं काही काम केलंय?”

“पीडब्ल्यूडीत होतो,” मुकुंदराव छाती काढून म्हणाले.

“म्हणजे काम नाही,” शालनताईंनी तिला समजावलं.

“शरीरात कुठं रॉड, स्क्रू, क्लिप, छर्रा?”

मुकुंदरावांनी शेवटचा दगड भिरकावला. “सुई आहे. लहानपणी पायात मोडली. आतच राहिली.”

निलोफरचं हसू थांबलं. “हे बरं झालं सांगितलंत. आत चुंबक फार ताकदीचं असतं, काका, आणि ते कायम चालू असतं. यंत्र बंद दिसलं तरी. आतली सुई लोखंडी असेल तर ती हलू शकते, तापू शकते. आणि चित्र तर बिघडतंच. कुठल्या पायात?”

मुकुंदरावांनी दोन्ही पायांकडे पाहिलं आणि एक निवडला. “डाव्या.”

“मग आधी साधा एक्स-रे काढू.”

एक्स-रे काढला. सुई नव्हती.

“विरघळली असेल,” मुकुंदराव म्हणाले.

“लग्नाला चाळीस वर्षं झाली,” शालनताई निलोफरला म्हणाल्या, “सुईचं मला आज कळतंय.” त्या हसत होत्या. त्यांना वाटत होतं, नवरा यंत्राला घाबरलाय. निलोफरलाही तसंच वाटलं असावं. ती खुर्ची पुढे ओढून मऊ आवाजात म्हणाली, “काका, भ्यायचं काही नाही. यात क्ष-किरण नसतात. आपल्या अंगात पाणी असतं ना, त्या पाण्यातले बारीक कण चुंबकाजवळ रांगेत उभे राहतात. यंत्र त्यांना रेडिओची एक हाक मारतं, ते हलतात, परत जागेवर येतात. येताना ओ देतात. ती ओ ऐकून चित्र तयार होतं. तुम्हाला आतबाहेर काही जाणवत नाही. पायाचंच आहे, तर पायच आत जाणार. डोकं बाहेर.”

“बंद जागेत मला गुदमरतं.”

“पायाला गुदमरतं?” शालनताईंनी विचारलं.

“आवाज मात्र मोठा होतो,” निलोफर म्हणाली. “पूर्वीपेक्षा कमी, पण ठोकाठोक असते. कानाला बोळे देईन. अर्ध्या तासाचं काम, आणि तेवढा वेळ पाय हलवायचा नाही. हलला की चित्र पुसट आणि पुन्हा पहिल्यापासून. हातात एक फुगा देते, काही वाटलं तर दाबा, मी लगेच थांबवते. शिरेतून औषध द्यायला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, त्यामुळे सुई टोचायची नाही. खाऊन आलात तरी चालतंय. आता अंगावरचं धातूचं सगळं काढा. घड्याळ, किल्ल्या, पट्टा.”

“आणि करदोटा,” शालनताई म्हणाल्या. “चांदीचा आहे.”

चाळीस वर्षांच्या संसारात माणसाकडे लपवायला करदोटासुद्धा उरत नाही, हे मुकुंदरावांना प्रथमच इतकं स्पष्ट जाणवलं.

आतल्या खोलीत, शालनताई बाहेर राहिल्यावर, निलोफर दार लावून म्हणाली, “काका, आता एक विचारते. पदस्मृती वाचायची का? हे मी मुद्दाम एकट्याला विचारते, तसा नियम आहे. नको म्हणालात तर फक्त दुखण्यापुरता रिपोर्ट देऊ.”

मुकुंदरावांच्या जिवात जीव आला. “नको म्हटलं तर रिपोर्टवर काय छापता?”

“रुग्णाने नकार दिला.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

नकार द्यायचा हक्क कायद्यानं दिला होता; पण तो दिल्यावर घरी जाऊन जेवायला बसायची सोय कायद्यात नव्हती. शालन ती ओळ वाचेल. काही बोलणार नाही. आणि उद्या सकाळपासून, जरा फिरून येतो म्हटल्यावर, नुसती बघेल.

“वाचा,” ते म्हणाले.

पाय आत गेला. ठोकाठोक सुरू झाली. फरशीकामावर पन्नास मजूर एकदम लावल्यासारखी. मुकुंदराव डोळे मिटून पडले. पाय हलवायचा नाही म्हटल्यावर पायाशिवाय दुसरं काही सुचेना. हे असं उघडं पडलं तर शालन म्हणेल, माझ्या पाठीमागे नऊ वर्षं तिकडे जात होता? माझ्या अपमानाच्या घरी? बंद करा. आणि बंद केलं तर भास्करला पेपर कोण वाचणार? तो कोणाला डोळ्यांबद्दल सांगणार नाही. मुकुंदरावांनाही त्यानं शपथ घातली होती : शालीला कळता कामा नये, आली तर कीव करायला येईल. गेल्या महिन्यात त्यानं दुधाऐवजी ताकाचा चहा केला होता आणि मुद्दाम केलाय म्हणून सांगितलं होतं. मुकुंदरावांनी तो पूर्ण प्यायला होता.

बायकोचा विश्वास आणि मेव्हण्याची सकाळ, यातलं एक आता जाणार होतं. त्यांनी एकदा फुगा दाबायचा विचार केला. मग मनात म्हणाले, दाबून सांगणार काय? बाहेर काढा म्हणून? पाय तर बाहेरही हाच राहणार.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आवटींनी पडद्यावर तो घोटा घराएवढा करून दाखवला.

“काळजीचं काही नाही. हे पांढरं दिसतंय ना, ही पाण्याची पिशवी. जन्मतः नसते इथं. हाड वर्षानुवर्षं जमिनीवर टेकलं की शरीर स्वतःच एक छोटी गादी शिवून घेतं. ती सुजली आहे. मागचा हा स्नायूबंधही सुजलाय. सहा आठवडे हा कडक बूट घालायचा, पायावर जोर द्यायचा नाही आणि खाली अजिबात बसायचं नाही.”

“खाली?” शालनताई म्हणाल्या. “आम्ही खाली बसतच नाही. टेबल आहे की.”

“असं?” डॉक्टरांनी उत्साहानं पुढचं पान उघडलं. “कारण पदस्मृती फारच मजेदार आहे. काका, चालणं तुमचं जवळजवळ नाहीच. टाचा, चवडे अगदी बैठ्या माणसाचे. पण मांडी! रोज, बराच वेळ, गंगेसारखी अखंड. डावा पाय खाली. आणि खाली गादी नाही, काहीतरी पातळ. चटई म्हणा. सात-आठ वर्षं तरी. ध्यानाला बसता की काय?”

डॉक्टरांनी दार उघडून दिलं होतं. नकळत, पण सताड. मुकुंदरावांनी त्यातून उडी मारली.

“हो,” ते म्हणाले. “ध्यान.”

शालनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या घोट्याकडे पाहिलं, मग पुन्हा नवऱ्याकडे. हा माणूस आरती संपेपर्यंत गप्प उभा राहू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

रिक्षानं घरी येताना रिक्षाच दोनदा बोलली, वळताना. बाकी कोणी नाही.

घरी आल्यावर मुकुंदराव बूट पुढे करून कोचावर बसले. शालनताई समोरच्या खुर्चीत बसल्या, त्यांनी लुगड्याचा काठ जरा वर केला आणि आपला डावा पाय पुढे ठेवला. घोट्यावर बाहेरच्या अंगाला, रुपयाएवढा, काळपट, जुना घट्टा होता.

“हा बघा,” त्या म्हणाल्या. “लग्नाआधीचा आहे. चाळीस वर्षं टेबलावर जेवले तरी गेला नाही. अख्ख्या मिरजेत असा घट्टा कुठल्या घरात पडतो, ते मला माहीत आहे.”

मुकुंदरावांनी आपला बूट मागे ओढला.

“किती वर्षं?”

“घाटावरून आल्यावर दुसऱ्याच दिवसापासून.”

“रोज?”

“रविवारी दोन पेपर असतात. जरा उशीर होतो.”

“मी लोकांना सांगत फिरले! माझा नवरा चालतो, माझा नवरा चालतो! त्या पाटलीणबाईंच्या नवऱ्याला तुमचं उदाहरण दिलं मी. तो चालायला लागला, बिचारा, आठ किलोनं कमी झाला!”

“त्याचं भलंच झालं.”

“हसू नका!” शालनताईंचा आवाज फाटला. “त्यानं मला दारात पाऊल टाकू नको म्हटलं. सगळ्यांच्या देखत. आणि तुम्ही त्याच दारात रोज. मला एकदा सांगावंसं वाटलं नाही?”

“रोज वाटलं.”

“मग?”

“सांगितलं असतं तर तू जाऊ नका म्हणाली असतीस. आणि मी तुझं ऐकलं असतं.” मुकुंदराव बुटाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. “तू घाटावर आईला म्हणालीस, दादाकडे मी बघेन. नंतर तू चिडलीस, ते ठीकच. पण शब्द तर गेला होता ना. म्हटलं, घरातल्या कोणीतरी तो चालू ठेवावा. तुझा राग उतरेपर्यंत. मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांचं काम असेल.”

शालनताई उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या. मुकुंदरावांना कळलं, की आता गेलेली बाई बोलायला परत येणार नाही. त्यांनी भास्करनं घातलेली शपथ मोडली.

“शालन, त्याला दिसत नाही.”

त्या दारात थांबल्या.

“काचबिंदू. मी पेपर वाचून दाखवतो. तुला सांगू नको म्हणालाय. कीव नकोय त्याला.”

शालनताई वळल्या नाहीत. आत गेल्या. थोड्या वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. मुकुंदरावांना भाकरीच्या आवाजावरून बायकोचं मन कळायचं. आज थाप मध्येच थांबत होती, मग एकदम चारपाच थापा जोरात, मग पुन्हा थांबत होती. ताटं टेबलावर आली. जेवण झालं. दूध आलं. दिवे मालवले. एक अक्षर नाही.

*

सकाळी मुकुंदराव सवयीनं जागे झाले आणि छताकडे बघत पडले. जायचं असेल तर खाली बसता येणार नव्हतं. खाली बसायचं नाही म्हणजे जायचं नाही. भास्कर दार उघडं ठेवून बसला असेल.

बाहेर काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. ते लंगडत गेले. शालनताई नेसून तयार होत्या आणि माळ्यावरून काढलेली घडीची खुर्ची ओल्या फडक्यानं पुसत होत्या.

“खाली बसायला बंदी आहे,” त्या खुर्चीला म्हणाल्या. “पेपर वाचायला नाही.”

“एकच?” मुकुंदरावांनी विचारलं.

“मग किती?”

“तू येत असशील तर तुझे गुडघे…”

“मला काय झालंय? मी त्या घरातली आहे. मी खाली बसेन.” त्यांनी खुर्ची मिटली. “आणि तिथं मी बोलणार नाही. आधीच सांगते. त्यानं दारात येऊ नको म्हटलंय, बोल म्हटलेलं नाही.”

“पण दारात तर तू…”

“तुम्हाला पायावर जोर द्यायचा नाही. खुर्ची कोण उचलणार? मी हमालीला आलेय.”

भास्करचं दार उघडंच होतं. भिंतीला टेकून, चटईवर मांडी घालून तो बसला होता. तसाच उंच, फक्त वाळलेला. शालनताई उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या. मग आत आल्या.

“काल कुठं मेला होतास?” भास्कर दाराकडे तोंड करून म्हणाला. “परवाचाच पेपर तोंडपाठ म्हणत बसलो. आणि हे टक्-टक् काय वाजतंय?”

“घोट्याला झालंय. कडक बूट आहे. खाली बसायचं नाही म्हणून खुर्ची आणलीय.”

“या घरात खुर्ची?”

“डॉक्टरचा हुकूम आहे.”

“बघ! आली नाही तोवर हुकूम सुरू झाले.” खुर्ची उघडल्याचा कर्र आवाज झाला तसं भास्करनं तोंड वाकडं केलं. “आणि बरोबर कोण आहे?”

मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं भिंतीकडे पाहिलं.

“हमाल,” मुकुंदराव म्हणाले.

“बसा म्हणावं.”

शालनताई भिंतीला हात लावत, दात दाबत, हळूहळू खाली बसल्या. एक हुंकारही काढला नाही. डावा पाय खाली घेऊन मांडी घातली, तेव्हा गुडघा मोठ्यानं वाजला. भास्करची मान जरा तिकडे वळली.

मुकुंदराव खुर्चीतून पेपर वाचू लागले. दोघांच्या डोक्यांवरून. न्यायाधीश निकाल वाचतो तसं वाटत होतं त्यांना, आणि निकाल कोणाच्या बाजूनं हे माहीत नव्हतं. पहिलं पान झालं. एरवी भास्कर तिसऱ्या वाक्याला आडवा येई. आज येत नव्हता. नदीवरच्या नव्या पुलाची बातमी आली, तेव्हा तो सवयीनं म्हणाला, “हा तुमच्या खात्याचा पूल. पडणार.” तेव्हा चटईवरून नाकातून आल्यासारखं हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं.

भास्कर बोटं चटईच्या काठावरून फिरवत राहिला.

“वाच,” तो म्हणाला. “हळू वाच जरा. आज घाई नाही.”

मुकुंदरावांनी बाजारभाव वाचले, निधनवार्ता वाचल्या, एरवी भरभर उरकत ते जाहीर नोटिशींतलं भागीदारांचं भांडणसुद्धा वाचलं. शालनताई बघत होत्या. भावाच्या सदऱ्याची गुंडी खालच्या काजात गेली होती. गालावर वस्तऱ्यातून सुटलेला केसांचा पट्टा होता. त्यांनी दोनदा हात उचलला आणि दोनदा मांडीवर परत ठेवला.

पेपर संपला. पेपर कधीतरी संपतोच.

“चला मग,” मुकुंदराव म्हणाले. शालनताईंनी तळवा जमिनीला टेकून उठायला जोर लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. गुडघे ऐकेनात. भिंतीला हात लावून पाहिला, भिंत गुळगुळीत होती. आधाराला धरावं असं त्या घरात काही नव्हतंच. मुकुंदराव खुर्चीतून उठायला धडपडले तशा त्या ओरडल्या, “बसा! पाय टेकू नका! डॉक्टर काय म्हणालेत?”

आवाज खोलीभर झाला. आता हमाल म्हणून भागण्यासारखं राहिलं नाही.

भास्कर भिंतीला टेकून तसाच बसला होता, तोंड जराही न हलवता.

शालनताईंनी डोळे मिटले. उघडले.

“दादा,” त्या म्हणाल्या, “हात दे.”

भास्कर एका झटक्यात उठला. या बाबतीत खुर्ची न ठेवणाऱ्यांचे पाय खरोखरच मजबूत असतात. त्यानं दोन पावलं टाकून हात पुढे केला. पण तो हात आवाजाच्या अंदाजानं गेला, जिथं त्या होत्या तिथं नाही. वीतभर बाजूला, हवेत, बोटं पसरून तो थांबला.

शालनताईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग ढुंगणावर सरकत सरकत त्या हाताखाली गेल्या आणि दोन्ही हातांनी तो धरला.

“जड झालीस गं शाले,” भास्कर म्हणाला.

“गप ओढ,” शालनताई म्हणाल्या.